कुमासीची माती, मुक्काम पोस्ट व्हेनिस

४ फेब्रुवारी, लंडन

निवड झाली! व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय वास्तुकला प्रदर्शनात ‘आफ्रिकेचे उदयोन्मुख वास्तुविशारद’ असं एक दालन आहे. आफ्रिकेतले आणि आमच्यासारखे बाहेर वाढलेले, मिळून सहा जण. त्यात मी. क्वाजो आम्पोन्सा, वय एकोणचाळीस. केस मावळतीला लागलेत, पण उदयाला वयाची अट नसते.

ऑफिसात कुणालाही सांगितलं नाही. फक्त लिफ्टमध्ये, कँटीनमध्ये आणि ईमेलवर सांगितलं. साहेब म्हणाले, अभिनंदन, पण हॉस्पिटलच्या टॉयलेटांची ड्रॉइंग शुक्रवारी हवीत. गेली नऊ वर्षं मी हॉस्पिटलांची टॉयलेटं काढतोय. साहेबांच्या तोंडून इतिहास बोलत नसतो.

संकल्प: उद्यापासून ट्वी शिकणे. आईबापांची भाषा येत नाही हे मुलाखतीत बरं दिसत नाही.

९ फेब्रुवारी

संकल्पना सुचली. आंघोळ करताना. घानात कुमासीला आमची वडिलोपार्जित जमीन आहे, तिथली लाल माती आणायची. फळ्यांच्या साच्यात थरावर थर चोपून उंच भिंत उभी करायची. सिमेंटचा कणही नाही. नोव्हेंबरात शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर भिंतीवर पाणी सोडायचं. भिंत विरघळणार, मातीची पुन्हा माती होणार. घोषवाक्यही सुचलं: सिमेंट ही गुलामी, माती ही आठवण. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. थोडा शॅम्पूही असेल.

कुमासीला मी दोनदा गेलोय, दोन्ही वेळा लग्नाला. पण आठवण रक्तात असते.

ट्वी उद्यापासून.

१५ फेब्रुवारी

बाबांना फोन. लंडनला आयुष्यभर बस चालवून ते आता कुमासीत जाऊन राहिलेत. म्हटलं, आपल्या जमिनीतली माती पाठवा, चांगली वीस-पंचवीस पोती. ते म्हणाले, अरे, लोक इथून सोनं नेतात, कोको नेतात. तू माती नेणार? संकल्पना समजावली. ते म्हणाले, म्हणजे मातीची भिंत बांधायची आणि पाणी ओतून पाडायची? हे काम आमच्याकडे पाऊस फुकट करतो.

जुन्या पिढीला कलेतलं कळत नाही. पण पाठवतो म्हणाले.

२ एप्रिल, व्हेनिस

ऑफिसातून नोव्हेंबरपर्यंत बिनपगारी रजा काढून पोचलो. दालनाच्या प्रमुख कुंबा दियाटा, डाकारच्या. बाई उंच, आवाज त्याहून उंच. सहा जणांना उभं करून म्हणाल्या, ही जागा मिळवायला मी किती वर्षं लोकांचे उंबरे झिजवले ते माझं मला ठाऊक. इथे एक जण पडला तरी लोक म्हणणार, आफ्रिकावाले पडले. कळलं? सगळे हो म्हणाले. मी जरा मोठ्याने म्हणालो.

शेजारची जागा हरारेच्या त्सित्सीची. वय सत्तावीस. तिने खेड्यातल्या दवाखान्याचा व्हरांडा जसाच्या तसा उभा केलाय. छप्पर आणि बाकं. एवढंच. मुलीत चुणूक आहे, पण विचार नाही. वेळ मिळाला की मार्गदर्शन करीन.

११ एप्रिल

माती बंदरात अडकली. परदेशी माती आत येऊ देत नाहीत, तिच्यात किडे असतात म्हणे. नियम वेबसाइटवर होता, असं तिथला माणूस म्हणाला. मी म्हटलं, मी कलावंत आहे. तो म्हणाला, कलावंतांसाठी वेगळी वेबसाइट नाही.

कुंबाबाईंना सांगायला हवं. आज त्या दमलेल्या दिसल्या. उद्या सांगतो.

१४ एप्रिल

नाही सांगितलं. पण मार्ग निघाला! आमच्या दालनाचा मिस्त्री ब्रुनो. त्याच्या मेहुण्याच्या टेनिस क्लबात कोर्ट उखडून नवं करताहेत. जुनी लाल माती ढिगाने पडलीय. बघून आलो. रंग हुबेहूब कुमासीचा. म्हणजे मला आठवतो तसा. ब्रुनो म्हणाला, सर, ही तशी माती नाही, विटांचा चुरा आहे. मी म्हटलं, वीट तरी कशाची असते?

मातीला पासपोर्ट नसतो. हे वाक्य मुलाखतीत वापरावं. नको, वापरू नये.

१९ एप्रिल

साचा उघडला, भिंत खाली बसली. चुरा धरतच नाही. पुन्हा चोपली. पुन्हा बसली, या वेळी ब्रुनोच्या बुटावर. तो म्हणाला, सिमेंट घाला. मी ताडकन म्हणालो, ब्रुनो, सिमेंट ही गुलामी आहे. तो म्हणाला, बरं, मग मी जेवून येतो.

२१ एप्रिल

थोडं सिमेंट घातलं.

पाटी आधीच छापून आलीय: ‘कुमासीची माती. सिमेंट नाही.’ आता ती बदलायची म्हणजे छापणाऱ्याला त्रास. शिवाय थोडंच तर घातलंय. म्हणजे ब्रुनो घालत होता, मी दुसरीकडे बघत होतो. भिंत देखणी उभी राहिलीय. नोव्हेंबरात पाणी जरा जास्त मारू.

१० मे

उद्घाटन. माझ्याभोवती ही गर्दी! एका बाईने भिंतीला गाल लावला. एक म्हातारा फ्रेंच गृहस्थ नाक टेकवून म्हणाला, मला आफ्रिकेच्या पावसाचा वास येतोय. मी मान डोलावली. माणसाच्या भावनेच्या आड का या? तीन मुलाखती दिल्या. तिन्हीत आजीच्या घराबद्दल बोललो. आजी लोखंडी पत्र्याच्या घरात राहायची, पण कुणी विचारलं नाही.

कुंबाबाईंनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. जोरात थोपटतात.

त्सित्सीच्या व्हरांड्यात लोक नुसते बसून सँडविच खातात. कीव आली. ती भिंत बघायला आली. बराच वेळ बघून म्हणाली, दादा, तुझ्या मातीत एक खडा नाही, एक मूळ नाही. चाळलीस का? मी म्हटलं, आत्म्यासकट चाळलीय. ती हसली नाही.

२८ मे

भिंतीचा फोटो बाबांना पाठवला. त्यांचा फोन आला. आपली माती इतकी लाल कधी झाली? कॅमेऱ्यामुळे, म्हटलं. ते म्हणाले, आणि मी पाठवलेली पोती परत आली त्याचं काय? म्हटलं, ती जादा होती. आवाज जराही अडखळला नाही. याला अनुभव म्हणतात.

६ जुलै

आज एक बाई आल्या. घानाच्या, साठीच्या. काळापांढरा चर्चचा पोशाख, हातात भली मोठी पर्स. इथे इटलीतच, विचेंझाच्या बाजूला चामड्याच्या कारखान्यात कामाला आहेत. थेट ट्वीत सुरू झाल्या. माझी ट्वी ‘बरा आहे’ आणि ‘पोट भरलं’ इथवर. दोन्ही म्हणालो. त्यांनी कपाळाला हात लावला आणि इंग्रजीत आल्या.

नाव सेरवा. माहेर कुमासीचं, आमच्या घरापासून चालत जाण्याएवढं. म्हणजे तसं त्या म्हणाल्या. मी हो हो म्हटलं. वर्तमानपत्रात भिंत बघून आल्या होत्या. मी म्हटलं, बसा ना आंटी. बसल्या नाहीत. भिंतीवर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. मग सांगितलं, गेल्या वर्षी आई गेली. माझे इथले कागद नव्याने व्हायचे होते, देशाबाहेर पडले असते तर परत येता आलं नसतं. आईची अंत्ययात्रा फोनवर बघितली. मध्येच नेट गेलं. आलं तेव्हा लोक जेवायला बसले होते.

पर्समधून काचेची छोटी बाटली काढली, घट्ट झाकणाची. चिमूटभर देतोस का रे? आईच्या फोटोपुढे ठेवीन.

आता काय करणार? खिळ्याने खरवडली. निघेना. जोर लावला तेव्हा जरा भुकटी निघाली. त्या म्हणाल्या, अगं बाई, आपली माती किती चिवट. बाटली कपाळाला लावली. मला शितोची बरणी दिली, घरची चटणी, वर वाळके मासे. जाताना म्हणाल्या, आईने तुला पाठवलं बघ.

चटणी तिखट होती. म्हणून डोळ्यांतून पाणी.

७ जुलै

आंटींना खरं सांगणे. या आठवड्यात. ठाम.

१९ ऑगस्ट

या आठवड्यात नक्की. मध्ये उकाडा फार होता.

बाईंना समाधान मिळालंय. ते काढून घेणारा मी कोण? श्रद्धेत मातीचा प्रकार महत्त्वाचा नसतो. हे पटण्यासारखं आहे. अर्ध्या तासात तीनदा पटवून घेतलं.

३ ऑक्टोबर

प्रयोग. कुणी नसताना भिंतीवर बाटलीभर पाणी ओतलं. भिंत ओली झाली. आशादायक.

दुपारी बघितलं तर सुकली होती. पहिल्यापेक्षा टणक वाटली. वाटण्यावर जाऊ नये.

१६ ऑक्टोबर

कुंबाबाईंकडे गेलो. म्हटलं, माझ्या विचारात प्रगती झालीय. भिंत विरघळवू नये, जगू द्यावी. त्या म्हणाल्या, पत्रकं छापली, पत्रकार येताहेत, विचेंझाहून चर्चची आख्खी बस येतेय. कुणी सेरवा म्हणून बाई आहेत, त्यांनी जमवलीय. तुझी प्रगती पुढच्या प्रदर्शनात कर.

ओठांवर आलेलं सगळं सांगून टाकणार होतो. तेवढ्यात त्यांना फोन आला. फोन चाळीस सेकंदांचा होता. मी निघून आलो.

२२ नोव्हेंबर

लिहायचं नव्हतं. पण इथे खोटं लिहिलं तर मग कुठे खरं लिहिणार?

दालन खचाखच. पुढच्या रांगेत चर्चमधल्या बायका, काळेलाल कपडे घालून. आमच्यात मयताला घालतात ते. सेरवा आंटींनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आज आपण आईला निरोप देतोय. फोनवर राहून गेलेला.

मी भाषण केलं. गुलामी, आठवण, सगळं. बायका गाऊ लागल्या. नळी सुरू केली. पाणी भिंतीवरून घरंगळलं, खाली तळं झालं, स्वच्छ, नितळ. त्यात एक थेंब लाल नाही. मी नळी जवळ नेली. भिंत धुऊन निघाली आणि चमकायला लागली. पत्रकार खोकले. मी बादल्या मागवल्या. बादल्यांवर बादल्या. गाणं हळूहळू थांबलं. शेवटी मी भिंतीला खांदा लावला. तिने दाद दिली नाही.

कुणीतरी पाटी मोठ्याने वाचली. सिमेंट नाही. मागून हसण्याची लाट आली.

कुंबाबाई ब्रुनोला गाठून सगळं विचारून माझ्याजवळ आल्या. ओरडतील म्हणून मी डोळे मिटले. पण आवाज खाली होता. म्हणाल्या, माती अडकली तेव्हा सांगितलं असतंस तर आपण रिकामी जागा ठेवली असती. ‘कुमासीची माती येऊ दिली नाही’ एवढंच लिहिलं असतं. याहून मोठं प्रदर्शन झालं नसतं. आता पुढच्या वेळी आपल्यातलं कुणी आलं की लोक आधी नखाने भिंत खरवडून बघतील. तुझी नाही, त्सित्सीची.

सबब शोधत न बसता आंटींकडे वळलो. दहा महिन्यांत पहिल्यांदा.

सेरवा आंटी खुर्चीतच होत्या. ओल्या पँटने त्यांच्यापुढे गुडघे टेकले आणि सगळं सांगितलं. बंदर, टेनिस, विटा, सिमेंट. टेनिस दोनदा सांगावं लागलं, त्यांना वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. शेजारची बाई म्हणाली, सेरवा, याच्या दोन थोबाडीत दे. मी वाट बघितली. बरं वाटलं असतं.

आंटींनी पर्समधून बाटली काढली. झाकण उघडलं. माझा हात ओढून तळहात उताणा केला आणि त्यावर भुकटी ओतली, बूड ठोकून, कणही न ठेवता. मग नळीच्या पाण्याने बाटली विसळली, पदरासारख्या त्या काळ्या कापडाने पुसली आणि परत पर्समध्ये टाकली.

त्या म्हणाल्या, बाटली चांगली आहे.

आणि बायकांना घेऊन त्सित्सीच्या व्हरांड्यात जाऊन बसल्या. तिथे त्यांनी गाणं पुन्हा धरलं, पहिल्यापासून. त्सित्सी छपराच्या खांबाला टेकून उभी होती. मला आत कुणी बोलावलं नाही. बाहेर उभा राहून ऐकलं. शेवटपर्यंत. शब्द कळले नाहीत.

२३ नोव्हेंबर, सकाळ

जागा रिकामी करून द्यायची आहे. ब्रुनो घण आणि ड्रिल घेऊन आला. म्हटलं, पहिला घाव मला घालू दे, भिंत माझी आहे. घण उचलला, सगळा जोर लावून घातला. हाताला खांद्यापर्यंत झिणझिण्या. भिंतीला टवका नाही.

ब्रुनोने घण अलगद काढून घेतला. म्हणाला, सर, तुम्ही जरा लांब उभे राहा.

राहिलो.