परंड्यातला रुंबा

आबा, तुम्ही गेलात त्याला लई वर्षं झाली. आज गल्लीतून एक वरात गेली आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

सिकंदराबादच्या क्लबात तुम्ही नाचाचा बँड चालवायचात. एका गोवेकर मास्तरांनी तुमच्या हाती ट्रंपेट दिलं, रुंबा नावाचा परदेशी नाचाचा ताल शिकवला. ते गेल्यावर बँड तुमच्याकडं आला. गोरे सोल्जर तुमच्या तालावर बायकांना घेऊन गरगर फिरायचे, असं तुम्ही आईला सांगायचात. मग लढाई संपली, सोल्जर गेले, क्लब ओस पडला आणि तुम्ही परंड्याला परत आलात. इथं वरातीचा बँड काढलात. अजून डोळ्यापुढं येतं, अंगणात तुम्ही बँडातल्या ढोलवाल्या चाचांना शिकवताय, "चाचा, घोड्याची चाल नको. बाई पाण्याला निघाली की कशी चालती, तसं." चाचा हसतायत, चुलीपुढं आई पदरात तोंड लपवतेय. पहिल्याच वरातीत नवरदेवाचा बाप ओरडला, "मास्टर, हे काय लावलंय? आपलं नेहमीचं वाजवा!" तुम्ही मुकाट वाजवलंत. पण वेशीपर्यंत जाता जाता हळूच रुंब्यावर आलात, आणि तोच बाप हात वर करून नाचायला लागला.

पुढं निजामाचे शेवटचे दिवस आले. लग्नं दार लावून, आवाज न करता व्हायला लागली. एका दुपारी निजामाच्या बाजूचे बंदूकवाले अंगणात आले. "आमच्या जुलुसात वाजवायचं," म्हणाले. तुम्ही म्हणालात, "तोंड आलंय. फुंकता येत न्हाय." "आता खरंच येणार न्हाय," म्हणत एकानं बंदुकीचा दस्ता तुमच्या तोंडावर हाणला. पुढचे दात ओसरीवर पडले. चाचांनी तुमचं डोकं मांडीवर घेतलं. "मास्टर, बोलो नक्को, खून आराय."

निजामाचं राज्य गेलं तेव्हा गावानं मिरवणूक काढली, तुम्हाला मानानं बोलावलं. बँडच्या पुढं तुम्ही नुसता हात हलवत चाललात. ट्रंपेट दुसऱ्याच्या ओठाला होतं. आई दारातूनच आत वळली. त्या दिवसानंतर तुम्ही बँड चाचांच्या हवाली केलात. घरावरून वरात निघाली की उठून किल्ल्याच्या बाजूला चालू लागायचात, वाजणं थांबेपर्यंत. शेवटपर्यंत तसंच.

हे लिहिलेलं कुठं धाडायचं नाही, म्हणून खरं सांगते. नातवंडं विचारतात, पणजोबांचा तो क्लबातला बँड तू ऐकला होतास का? तेव्हा आई आणि मी इथंच परंड्यात होतो. सिकंदराबाद मी अजून पाहिलेलं नाही. तरी त्यांना सांगते, व्हय, ऐकला होता.