बावखल आणि बाळंतपण

भुईगाव, वसई
शनिवार, १२ जुलै २०२५

प्रिय डायना,

तुला आणि केनीला खूप खूप आशीर्वाद, आणि पोटातल्या छोट्या माणसाला माझा वेगळा एक पापा. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या डॅडीचा खोकला गेला, बडबड मात्र आहे तशीच आहे. परवाच्या वाऱ्याने मागच्या बाजूच्या चार केळी आडव्या झाल्या. बाकी वाडी ठीक आहे.

शेजारच्या एलिनाचा ॲल्रॉय शुक्रवारी टोरोंटोला निघतोय. त्याच्या बॅगेत तुझ्यासाठी जागा मागून घेतली. राजेळी केळ्यांची सुकेळी, मसाल्याची बाटली, डिंकाचे लाडू आणि हे पत्र एवढं त्याच्याकडे देणार आहे. लाडू केनीपासून लपव. ते बाळंतिणीचे आहेत, जावयाचे नाहीत.

तू म्हणशील, मम्मी, रोज व्हिडिओ कॉल असताना पत्र कशाला? तर ऐक. फोनवर तुझा चेहरा दिसला की माझ्या तोंडून फक्त ‘हो बाय, हो बाय’ एवढंच निघतं. कागदाला चेहरा नसतो. त्याला जरा धीटपणे बोलता येतं.

गेले तीन आठवडे तू तिकिटासाठी माझ्या पासपोर्टचा फोटो मागते आहेस. मी कधी कपाटाची किल्ली सापडत नाही म्हणते, कधी चष्मा सापडत नाही म्हणते. चष्मा माझ्या नाकावर असतो, तो तुला दिसत असतो, तरी तू काही बोलत नाहीस. त्या पासपोर्टचंच लिहायला बसले आहे. पण आधी कॉलेजची बातमी.

ती तुला हक्काने सांगते, कारण तो फॉर्म तूच भरला होतास. माझ्या वाढदिवसाला, माझ्याच पेटीतून माझी बारावीची मार्कशीट माझ्या नकळत काढून. “मम्मी, तू दिवसभर झाडांशी आणि पाण्याशी बोलतेस, आता त्याची डिग्री घे,” म्हणाली होतीस. मला वाटलं, पर्यावरण अभ्यास म्हणजे काय, चार झाडं लावायची, कचऱ्यावर निबंध लिहायचा, झाली पदवी. पण या लोकांच्या अटी काय विचारतेस! परिसंस्था आली, हवामान आलं, कायदा आला, अर्थशास्त्र आलं. ज्या गणिताला मी बारावीलाच हात जोडले होते, ते संख्याशास्त्र असं नाव लावून पुन्हा दारात हजर. एक विषय दुसऱ्या शाखेतला घ्यायचाच असतो. मी इतिहास घेतला, म्हटलं निदान तिथे तरी आकडे नसतील. सनावळ्या विसरलेच होते! महिनाभर कुठेतरी प्रत्यक्ष काम करायचं होतं, ते गोखिवऱ्याला ओल्या कचऱ्याचं खत करतात तिथे केलं. संध्याकाळी घरी आले की तुझा डॅडी मला अंगणातच थांबवायचा आणि पाण्याची बादली पुढे करायचा.

कॉम्प्युटरवर नकाशे काढायचे होते, त्यात मला संजनाने तारलं. जूचंद्र गावची मुलगी आहे, बाकावर माझ्या शेजारी बसते. पहिल्या दिवशी माझा हात बघून म्हणाली, “आंटी, माउस असा नाय दाबायचा. तो काय लसून हाय ठेचायला?” सगळा वर्ग हसला, मीही हसले. या वयात माझ्यावर एवढं मोकळं कुणी हसेल असं वाटलं नव्हतं. मला ते आवडलं.

तर बातमी अशी, की मी सगळ्यात पास झाले. संख्याशास्त्रातसुद्धा. आता पदवीसाठी एकच अट उरली आहे. एक पाणवठा निवडायचा आणि पावसाच्या सुरुवातीपासून नाताळापर्यंत दर आठवड्याला त्याची नोंद ठेवायची. पाणी किती चढलं, किती मुरलं, आजूबाजूच्या विहिरी गोड राहिल्या की नाही. नोंद विद्यार्थ्याने स्वतः घ्यायची. मॅडम न सांगता मधूनच बघायला येतात.

मी आपल्या मागचं बावखल निवडलं. तेच, ज्यातल्या बदकांना तू घरातला सगळा पाव खाऊ घालायचीस आणि संध्याकाळी आम्ही बसायचो नुसता चहा पीत. तुझ्या पणजोबांनी ते केळींना पाणी मिळावं म्हणून खणलं होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्याच्या शेजारच्या विहिरीचं पाणी पिते आहे, पण ते गोड का हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पलीकडच्या आळीतलं बावखल बुजवून तिथे इमारत झाली, आणि आता तिथल्या विहिरी मचूळ लागतात. बावखलात साठलेलं पावसाचं पाणी हळूहळू जमिनीत मुरतं आणि समुद्राचं खारं पाणी मागे रेटून धरतं, असं पुस्तकात आहे. पण आपल्या बावखलाने हे किती होतं ते अजून कुणी मोजलेलं नाही. ते मी मोजते आहे, डायना. हे वाक्य लिहिताना मला किती बरं वाटलं ते तुला सांगता येणार नाही.

मोजायची काठी डॅडीने करून दिली. कंपनीतून निवृत्त झाला तरी त्याच्यातला फिटर काही निवृत्त होत नाही. चांगला सरळ बांबू घेतला, त्यावर लाल रंगाने खुणा केल्या, आणि मग मलाच दम दिला, “काठी सरळ धर, नायतर माझं नाव खराब होईल.”

मध्येच चहा करायला उठले होते. खरं सांगायचं तर चहाची वेळ झाली नव्हती. पुढचं लिहायचं टाळत होते.

तुझी तारीख सप्टेंबरातल्या मरियामातेच्या सणाच्या आसपासची आहे. म्हणजे मला ऑगस्टमध्ये निघायला हवं आणि निदान दोन-अडीच महिने राहायला हवं. त्याच दिवसांत बावखल काठोकाठ भरतं आणि मग उतरायला लागतं. तेवढ्या नोंदी गेल्या तर प्रकल्प गेला. मी प्रकल्प बघणाऱ्या जागृती मॅडमना जाऊन विचारलं, पुढच्या वर्षी केला तर चालेल का? त्यांनी नियम पुन्हा पुन्हा वाचला. प्रवेश घेतल्यापासून पदवी पुरी करायला जेवढी वर्षं देतात, ती माझी याच वर्षी संपतात. आधी कोरोना, मग तुझ्या आजीचं अंथरूण, मग तुझं लग्न, मग डॅडीचं ऑपरेशन. दर वेळी मी कॉलेजला थांब म्हटलं. त्यातलं एकही कारण खोटं नव्हतं, आणि पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन. पण आता थांबवायला वर्षच उरलेलं नाही. “बर्थाताई, माझ्या हातात असतं तर...” एवढंच त्या म्हणाल्या. त्या तुझ्याच वयाच्या आहेत गं. त्यांचा चेहरा बघून मीच त्यांना धीर दिला.

बाय, मी तुझ्या बाळंतपणाला येत नाही. लिहिलं एकदाचं.

तू रागावशील. रागाव. रडूही येईल तुला. मला तर आत्ताच येतं आहे, म्हणून अक्षर असं झालं आहे. पोरीचं पहिलं बाळंतपण म्हणजे आईचं काम, हे मला कुणी शिकवायला नको. एलिनाने तरी शिकवलंच. “अगो, पोरीला टाकून तू कालेजात जानार? लोक काय बोलतील?” रात्रभर कूस बदलत राहिले, सकाळी चर्चमध्ये मिस्साला गेले, आणि देवाला स्पष्ट विचारलं की मी वाईट आई आहे का. घरी परत येताना बावखलाकडे पाय वळले ते आपोआप.

डॅडी तिथेच होता, काठीच्या खुणा पुन्हा रंगवत. मी त्याला म्हटलं, सॅन्टन, मी नाही जायचं ठरवते आहे, पण पोर तिथे एकटी. तो वर न बघताच म्हणाला, “मग मी जातो.”

“तू जाऊन काय करणार?”

“तू करनार होतीस ते.”

“बाळाला न्हाऊ घालता येतं तुला?”

“नाय येत. शिकव.”

आता या पत्राला जोडलेली झेरॉक्स बघ. पासपोर्ट माझा नाही, त्याचा आहे. फोटो बघून दचकू नकोस, मिशी तेव्हा तशीच होती. तुझ्या आग्रहाने दोघांचे व्हिसा केले होते ते बरं झालं. तिकीट त्याच्या नावाचं काढ. माझं काढ नाताळानंतरचं. शेवटची नोंद झाली, अहवाल दिला, की मी आलेच.

त्याची शिकवणी दोन आठवड्यांपासून चालू आहे. वाडीतला एक मोठा दुधी घेतला, टॉवेलात गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला. पहिल्या दिवशी बाळ दोनदा हातातून निसटलं. आता बघशील तर थक्क होशील. कोपराने पाणी बघतो, मानेखाली हात घालतो, कानात पाणी जाऊ देत नाही, पुसून पावडर लावतो. मेथीची पेज येते, लाडू वळता येतात, तुझ्या पाठीला तेल कसं लावायचं तेही सांगून ठेवलं आहे. काल मी तोच दुधी भाजीला चिरायला घेतला तर म्हणाला, “हा नको, दुसरा आन.” तो अजून खिडकीत ठेवला आहे, टॉवेलासकट.

मला थोडा हेवा वाटतो आहे, हे लपवत नाही. माझ्या नातवंडाला पहिल्यांदा न्हाऊ घालणारे हात माझे नसतील. पण तुला एक सांगते, जे तुला आठवणं शक्य नाही. तू झालीस तेव्हा तुला न्हाऊ घालायला तुझी आजी होती, मी होते, शेजारणी होत्या. डॅडी रोज कामावर जायच्या आधी पाणी तापवायचा, बादली उचलून खोलीच्या दारापर्यंत आणायचा आणि तिथे उभा राहायचा. आजी म्हणायची, “बाप्यांचं इथं काय काम?” आणि बादली घेऊन दार लावून घ्यायची. तू आत रडायचीस, तो बाहेर ऐकत उभा असायचा, मग डबा घेऊन निघून जायचा. परवा तो दुधीला पुसत असताना मी त्याला विचारलं, तेव्हा तुला आत यावंसं वाटत नव्हतं का? तो म्हणाला, “वाटायचं. पन कुनी बोलावलंच नाय.”

तेव्हा बोलवायला मी होते आणि मलाही ते सुचलं नाही. आता तू आहेस. त्याचे हात खरखरीत आहेत, तेल जास्त लावायला सांग. पेजेत मीठ कमी पडेल, ते तू घाल. आणि पहिल्या दिवशी तो पाणी घेऊन येईल आणि जुन्या सवयीने दारातच थांबेल. तू म्हण, डॅडी, आत ये.

तुझी मम्मी,
बर्था
तृतीय वर्ष, पर्यावरण अभ्यास