शेरा : घर बंद

१८ मार्च २०२०
आलो एकदाचा सोलापुरात! वीज कंपनीत मीटर रीडरची नोकरी आणि चंद्रव्वा अक्कांच्या घरात माडीवरची खोली. अक्का एकट्याच असतात. बघताक्षणी म्हणाल्या, "लई वाळलाय की ओ तुमी! दोन्ही टाइम हितंच जेवायचं." शेंगाचटणीनं कानातून धूर निघाला. मी खूश.

२८ मार्च
लॉकडाउन. ग्राहकांनी मीटरचा फोटो पाठवायचा, मी खोलीत बसून आकडे भरायचे. पूर्वी दुपारी घरं रिकामी, वापर नावालाच. आता भर दुपारी गल्लीभर पंखे, टीव्ही, मिक्सर. फोटो नसेल तिथं 'घर बंद' शेरा मारायचा, सरासरी बिल निघतं. समोरच्या जोतिराम मास्तरांचा फोटो नाही. त्यांचा टीव्ही ऐकू येत होता, एक हाक पुरली असती. पण उन्हात कोण उठणार? मारला शेरा. यादीत असे अकरा झाले.

३० मार्च
दुसरी यादी पाठवली. आमच्याच घराचं रीडिंग राहिलं होतं. मीटर अंगणात, वीस पावलांवर. अक्का जेवायला हाका मारत होत्या. तिथंही 'घर बंद' टाकून मोकळा झालो.

३१ मार्च
मास्तरांच्या दाराला बाहेरून कुलूप. अक्का म्हणतात, ते घर वर्षानुवर्षं बंदच आहे. परवाच अक्कांनी स्वतः मास्तरीणबाईंना ताक दिलं होतं! जवळ गेलो. आत पंखा फिरतोय, टीव्ही चालू. कुणीतरी दार बडवतंय. मीटर पळतंय.

१ एप्रिल
पहिल्या यादीतल्या अकराही शेऱ्यांच्या घरांना कुलपं. पोलिसाला आणलं, त्याला बडवणं ऐकूच येईना. ऑफिसातले साहेब फोनवर म्हणाले, शेरा आता पुढच्या रीडिंगलाच बदलेल. शेऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी कुलूप. म्हणजे आमचं उद्या. अक्कांचे पाय धरले, चला म्हटलं. घर सोडून कुठं जाऊ, म्हणाल्या. त्यांना एकटं टाकून जाववेना. मला रडू येतंय.

२ एप्रिल
सकाळी बाहेर खट्ट झालं. दार उघडत नाही. खिडकीतून भाजीवाल्या सयाजीला ओरडलो. त्यानं वर पाहिलंच नाही. ऑफिसला फोन लावला — माझं नाव सांगितलं — असा कुणी नाही म्हणाले —

११ एप्रिल
पीठ संपलं. वीज मात्र जात नाही.

२८ एप्रिल
आज पुढचं रीडिंग. माझ्या जागी आलेला नवा रीडर शेजारच्या माडीवर, मांडीवर यादी. फोटो पाठवायचा तर मीटर बाहेर — वीस पावलं —
अक्कांनी टीव्ही मोठा केला. मी दार बडवतोय.
ऐकलं त्यानं! मान वर केली — इकडेच बघतोय — एक हाक मार, बाबा — एकच —
कपाळावरचा घाम पुसला. उन्हाकडे बघितलं. बोट मोबाइलवर —