जुन्या ग्रंथालयाच्या 'दगडी' भिंतींबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
तुळजाई कला व वाणिज्य महाविद्यालय,
कामतघर, भिवंडी.

विषय : जुन्या ग्रंथालयाच्या इमारतीत भरणारी बालवाडी तत्काळ हलविण्याबाबत.
संदर्भ : महाविद्यालयाच्या २०१३-१४ च्या वार्षिकांकातील माझा लेख.

महोदय,

मी या महाविद्यालयाची माजी विद्यार्थिनी असून माझी मुलगी रीमा सदर बालवाडीत जाते.

१. 'आवारातील जुन्या वास्तू' या लेखात मी सदर इमारत "अखंड काळ्या दगडात बांधलेली" असल्याचे लिहिले. लेखास पहिले बक्षीस मिळाले. तेच वाक्य माझ्या नावासह आज दारावरील पाटीवर आहे. पालकसभेत मजबुतीचा प्रश्न निघाला, तेव्हा आपणही तीच पाटी दाखवलीत.

२. ते वाक्य खोटे आहे, आणि लिहितानाही मला ते ठाऊक होते. माहितीसाठी मी खारबावचे गवंडी लडकूबाबा (आता हयात नाहीत) यांना भेटले होते. ते म्हणाले, "दगूड कुठं हाय बाय? भट्टीत कच्च्या रायलेल्या इटा हायेत. वरून गिलावा केला न् रेघा मारल्या, दगडावानी दिसाया. मीच मारल्या, दोरी धरून." वर हसलेही. मी ते वहीत उतरवले, लेखात घेतले नाही. विटांना बक्षीस कोण देणार, असे वाटले.

३. मागच्या सोमवारी रीमाला सोडताना वर्गाच्या खिडकीखाली तडा दिसला. शेजारच्या कारखान्यातील लूम (यंत्रमाग) सुरू झाले की हादऱ्याने त्यातून लाल भुगा पडतो. काळ्या दगडातून लाल भुगा पडत नाही, महोदय.

४. पुढचे लिहिताना लाज वाटते. त्या दिवसापासून रीमा घरी आहे. बाईंना मी ताप सांगितला. रीमाच्याच वर्गातल्या मेघालीची आई रूपा हिने रिक्षात विचारले, "काय गं, भिंत बरी आहे ना? पाटीवर तुझंच तर नाव आहे." मी "हो" म्हणाले. बाकीची बावीस मुले रोज त्याच भिंतीला पाठ टेकून डबा खातात. त्यात मेघालीही.

तरी वर्ग उद्यापासून नव्या इमारतीत हलवावा, भिंत अभियंत्यांकडून तपासून घ्यावी व पाटी काढावी, ही विनंती. आपला निर्णय काहीही होवो, उद्या सकाळी आठ वाजता मी बालवाडीच्या दारात उभी राहून प्रत्येक आईला हे स्वतः सांगणार आहे. सर्वात आधी रूपाला.

आपल्याच महाविद्यालयाची, अपराधी,
सौ. नेत्रा भूपेश म्हात्रे
(पाटीवरील नाव : कु. नेत्रा धनेश भोईर)
दि. २१ जुलै २०२५

सोबत : वहीचे पान, तड्याचा फोटो, बक्षिसाचे प्रमाणपत्र (परत).