पटलं की पाणी

तीर्थरूप बाबांना भांडखोर लेकीचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? आईकडून मलम लावून घेता ना?

काल नवा कायदा ठरवणाऱ्या समितीपुढे मी ऑनलाइन जुगारावर सरसकट बंदी मागितली. आवाज चांगलाच चढला होता. मग एक निवृत्त पोलीस अधिकारी शांतपणे म्हणाले, "बाई, बंदी घातलीत तर गिऱ्हाईक थेट टोळ्यांच्या दारात जाईल. परवाने द्या, पण प्रत्येक कंपनीमागचा खरा मालक कोण ते खणून काढा."

मला पटलं, बाबा. आपल्या घरी वादात ज्याला पटतं तो उठून समोरच्याला पाणी देतो, तसा मी भर बैठकीत त्यांना पेला भरून दिला. ते गोंधळले. "मला तहान नाही हो," म्हणाले.

उद्या मी परवान्यांच्या आणि कडक तपासणीच्या बाजूने बोलणार आहे. टोळ्यांना ते जास्त झोंबेल. सकाळी कुणाचा तरी फोन आला, "गप्प बसा, नाहीतर बघून घेऊ." काळजी करू नका, माझ्याबरोबर एक हवालदारबाई असतात, फार गप्पिष्ट आहेत. तुम्ही दाराला कडी मात्र लावत जा.

त्या फोनवाल्याने एकही मुद्दा मांडला नाही, बाबा. त्याला माझ्याकडून पाणी नाही.

तुम्हीच वाद घालायला शिकवलेली,
तुमची लेक