शाफ्टमधली गुणगुण

रविवार, १ ऑक्टोबर

चार इंच उंचीची खरी किंमत आज मांडली. चार स्प्रिंगा, चार शॉक, पाच मोठे टायर. सलग पाच रविवार. उजव्या अंगठ्याचं नख. हिचा दोन दिवसांचा अबोला, कारण आता गाडीत चढायला तिला स्टूल लागतं. ही सगळी बेरीज झाल्यावर आज खालून आणखी एक बिल आलं — शाफ्ट!

चूक माझीच. जीप उचलली की गिअरबॉक्स वर जातो, मागचा अ‍ॅक्सल राहतो खाली, आणि दोघांना जोडणारा शाफ्ट तिरका पडतो. त्याचे सांधे — क्रॉस — वाकड्या मानेने फिरायला लागतात. माणूस दिवसभर वाकडी मान करून पळाला तर काय होईल? तेच. साठच्या पुढे सीट थरथरते. आज हिचा डबा मागच्या सीटवरून चालत चालत दारापर्यंत गेला!

अर्धसूतला बोलावलं. लेथवर पस्तीस वर्षं काढली, तरी काम हातात देता देता "अर्धं सूत जास्त वाटतंय" म्हणून परत घेतो. नाव मीच ठेवलेलं. गाडीखाली शिरला, पाच मिनिटांनी तेलकट तोंडाने बाहेर आला.

"शेठ, गाडी उंच केलीस. शाफ्टला विचारलंस का?"

"आता विचारतोय ना, त्याच्या मामाला!"

नवा शाफ्ट करायचा. जाड पाइप, गिअरबॉक्सकडे एकाऐवजी दोन क्रॉसचा सांधा, सरकता भाग लांब. "आठवडा दे," म्हणाला. म्हणजे आठवडाच. त्याचा शब्द आणि माझा कान — दोन्ही आजवर चुकलेले नाहीत.


रविवार, ८ ऑक्टोबर

शाफ्ट बसला. काय काम आहे! सरकत्या भागाच्या दोन्ही तुकड्यांवर पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका. ग्रीस करायला उघडला तर ठिपक्यासमोर ठिपका आणूनच जोडायचा, नाहीतर क्रॉस एकमेकांशी भांडतात. दोनदा बजावलं मला. जसा काही मी आजच बाजारात आलोय. जन्म गेला सुटे भाग विकण्यात!

ऐंशीपर्यंत नेली. लोणी! डबा जागचा हलला नाही. ही म्हणाली, "चला, आता निदान दातावर दात तरी वाजत नाहीत."

चिखलवाल्यांच्या, म्हणजे चिखलात जीपा घालणाऱ्या आमच्या ग्रुपवर आवाजी मेसेज टाकला — "माझ्या कानाने पास केलेला शाफ्ट आहे. डोळे मिटून घ्या." अकरा जणांनी होकार दिला. अकरा शाफ्ट! संध्याकाळी अर्धसूत आला. ऑर्डरच्या भरवशावर त्याने बॅलन्सिंग मशीन बुक केलं. आजवर दुसऱ्याच्या दारात रांग लावायचा बिचारा. "शेठ, साठीत पाळणा हलणार माझ्या वर्कशॉपमध्ये," म्हणाला. खूप हसलो.


गुरुवार, १२ ऑक्टोबर

गुणगुण आहे.

बारीक. तारेसारखी. आधी वाटलं रस्त्याची. रस्ता बदलला, तरी आहे. सत्तरला ऐकली. परत येताना चाळीसला पण. हिला विचारलं. म्हणे, "मला काही येत नाही ऐकू." तिला कुठून येणार? हिच्या कानांना फक्त माझ्या चुका ऐकू येतात.


शुक्रवार, १३ ऑक्टोबर

पुलाच्या उतारावर इंजिन बंद केलं आणि गाडी सोडून दिली. इंजिन गप्प. गुणगुण तशीच!

म्हणजे इंजिन नाही. फिरत काय होतं? चाकं आणि शाफ्ट. चाकं मी स्वतः बॅलन्स केलीत. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

परत आलो तर ही तणतणत होती. टेबलावरच्या घड्याळाचा गजर सकाळी तीनदा वाजला, मी शेजारी बसून पेपर वाचत होतो, शेवटी तिने येऊन बंद केला. वाजला असता तर मी केला नसता का? सेल उतरलाय, दुसरं काय. नवे आणून टाकले.


रविवार, १५ ऑक्टोबर

आज पुरावा सापडला.

वर्कशॉपवर गेलो. तो बाहेर चहा सांगायला गेला होता. सहज लेथच्या मागे नजर गेली. भंगारात एका जुन्या ट्रकच्या शाफ्टचा पाइप. गंजका. मधून कापलेला, ताजा काप, अजून चकाकत होता. ट्रकच्या शाफ्टची मूळ लांबी मला पाठ; उरलेलं टेपने मोजून कापून नेलेला तुकडा केवढा ते काढलं. माझ्या शाफ्टएवढा. तंतोतंत!

तो आला तेव्हा मी टेप हातात घेऊनच उभा होतो.

"हे काय?"

"तो? त्याचा डमी केला होता रे. गाडी जॅकवर लटकवून लांबी बघायला. नवा पाइप एकदा कापला की परत थोडाच वाढतो!"

"कुठेय डमी?"

"कापून स्टँडचे पाय केले." आणि दाखवले. चार पाय. रंग दिलेले. रंगाखाली काय आहे ते कुणी बघितलंय?

मग गुणगुण सांगितली. लगेच गाडीत बसला. गिअरबॉक्सच्या उंचवट्यावर काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवला आणि म्हणाला, "ने सत्तरला." नेली. थेंब सांडला नाही. पाण्यावर साधी रेघ उमटली नाही. खाली वाकून ठिपके बघितले. समोरासमोर.

"येतेय का आता?" मी विचारलं.

"नाही."

"नीट ऐक!"

"ओरडतोस कशाला? मी बहिरा नाही."

पाणी सांडत नाही म्हणे! पाण्याला काय ऐकू येतं?


मंगळवार, १७ ऑक्टोबर

दुकानात लक्ष नाही. नोकराने दोनदा भाव विचारला, दोन्ही वेळा मी भलतंच काहीतरी सांगितलं. हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात.

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. आम्ही दोघं एकाच गॅरेजात रॉकेलने पार्ट धूत होतो. तो तीन वर्षांनी मोठा. मला काही येत नव्हतं, शिव्या तेवढ्या खायला यायच्या. एकदा त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवलं, मूठ माझ्या कानामागच्या हाडाला लावली, आणि म्हणाला, "गड्या, हे ऐक. हा व्हॉल्व्ह. हा बेअरिंग. हा खोटं बोलतोय."

त्या दिवशी मला कान मिळाला. त्यावर दुकान उभं राहिलं, घर उभं राहिलं. गिऱ्हाईक फोनवर गाडीचा आवाज ऐकवायचं, मी पार्ट काढून ठेवायचो.

आणि त्याच माणसाने त्याच कानाला फसवायला बघावं! परक्याने केलं असतं तर हसून सोडलं असतं. याने केसाने गळा कापला.


शुक्रवार, २० ऑक्टोबर

टाकला. ग्रुपवर आवाज टाकून दिला.

नाव घेतलं नाही, गरजही नव्हती. "शाफ्टमध्ये जुना पाइप आहे असा माझा संशय आहे. ऑर्डर देण्याआधी विचार करा. मशीन चुकेल, ग्लास चुकेल, माझा कान चुकणार नाही." दुपारपर्यंत अकराच्या अकरा जणांनी माघार घेतली. एकाने लिहिलं, "तुमचा कान म्हणजे कोर्टाचा निकाल." वाचून बरं वाटलं. थोडंच.

ही जेवताना म्हणाली, "पाइप कापून बघितलात?"

"गरज काय?"

"म्हणजे फाशी आधी, तपास मग."

तिला शाफ्टमधलं काय कळतं! पण भाजी वाढताना माझ्याकडे बघितलं नाही तिने.


रविवार, २२ ऑक्टोबर

वहिनी आल्या होत्या — अर्धसूतची बायको. पंचवीस वर्षांत एकट्या आमच्या दारात पहिल्यांदाच. बसल्या नाहीत.

"भावजी, मशीनवाला मंगळवारी पुढचे पैसे मागतोय. ऑर्डर गेली, ॲडव्हान्सही जाईल. त्याचं काही नाही. पण हे रोज तुमच्या शाफ्टच्या नव्या पाइपचा उरलेला तुकडा उचलून प्रकाशात धरून बघतात. म्हणतात, माझीच काही चूक असेल, त्याचा कान चुकत नाही."

मी म्हणालो, "वहिनी, मी ऐकलंय ते ऐकलंय."

"ते म्हणाले, तुम्ही असंच म्हणाल."

ही त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली. दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. एरवी मी कुंपणापलीकडचं कुजबुजणंसुद्धा टिपतो. आज एक शब्द आला नाही. वारा उलटा असणार.


मंगळवार, २४ ऑक्टोबर

सकाळी आठला अर्धसूत स्वतः आला. सोबत अवजारांची पेटी आणि एक पोतं. "राम राम" नाही, "शेठ" नाही. पोतं अंथरून गाडीखाली शिरला. मी पायरीवर उभा. आठ बोल्ट. एकेक काढून झाकणात मांडून ठेवला, त्याच्या सवयीप्रमाणे ओळीत. शाफ्ट उतरवला, पुसला, उचलून व्हरांड्यात पोत्यावर ठेवला.

मी म्हटलं, "हे काय नाटक?"

"फोर व्हीलचा दांडा टाक. पुढच्या चाकांवर चालेल गाडी, मागचा शाफ्ट लागत नाही. पाच किलोमीटर चालवून बघ."

"आणि?"

"गुणगुण गेली तर शाफ्ट माझा आणि चोर मी. फोन करू नकोस, मीच येऊन पाय धरीन. आणि राहिली तर..." पेटी उचलली. ही चहा घेऊन बाहेर आली, तोवर फाटक लागलं होतं.

पस्तीस वर्षांत माझ्या घरचा चहा सोडून गेला नव्हता.

जाता जाता एकदा वळून मात्र बघितलं. माझ्याकडे नाही. शाफ्टकडे.


बुधवार, २५ ऑक्टोबर

वेळ झाला नाही चालवायला.


गुरुवार, २६ ऑक्टोबर

आजही नाही. स्टॉक आला होता. ही म्हणाली, "पाच किलोमीटरला किती वेळ लागतो हो?" मी म्हणालो, घाई काय आहे. खरं तर घाई त्याला असायला हवी. पाणी कुठे मुरतंय ते मला आधीच माहीत आहे, मला चालवून बघायची गरजच काय?

दांडा टाकून फाटकापर्यंत मात्र नेली. परत आणली. एवढ्यात काही कळत नाही.


शुक्रवार, २७ ऑक्टोबर

पाइप कापून घ्यायचा ठरवला. दुसऱ्या वर्कशॉपवाल्याला बोलावलंय सोमवारी. तोंडावर पाइप टाकीन अर्धसूतच्या! जुना गंज आत दिसला की बोलणंच संपलं. वहिनी, ही, ग्रुप, सगळे बघतील.

नवे सेल टाकूनही घड्याळ वाजत नाही. फेकून दिलं. हिने कचऱ्यातून उचलून स्वयंपाकघरात नेलं. म्हणाली, "मला येतं ऐकू."


रविवार, २९ ऑक्टोबर

ही लेकीकडे गेलीय. अकरापासून वीज नाही. पंखा बंद, फ्रीज बंद, बाहेर रस्त्यावर कुणी नाही. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलोय. जीप फाटकाजवळ उभी, बॅटरीची वायर काढलेली. शाफ्ट समोर पोत्यावर, ठिपक्यासमोर ठिपका.

गुणगुण चालू आहे.