दारात नळ आहे

घाटकोपर,
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

प्रिय श्वेता,

सप्रेम जय भीम.

आम्ही सगळे इकडे मजेत आहोत. तुझे दाजी बरे आहेत, निधी शाळेतून रोज एक नवीन भांडण घेऊन घरी येते, सासूबाईंचा खोकला आहे तसाच आहे. आईच्या गुडघ्याला आता आराम असेल. अण्णांना म्हणावं, भर उन्हाचं रानात जाऊ नका. म्हणजे ते मुद्दाम जातील, पण तू म्हणून ठेव.

फोनवर बोलतो आपण, मग हिला पत्र कुठून सुचलं, असं तुला वाटेल. अगं, फोनवर आपण बोलतो कुठे? एवढीशी खोली. मी फोन कानाला लावला की सासूबाई भाजी निवडायच्या थांबतात. तिकडे तुझा फोन अर्धा वेळ अण्णांच्या खिशात. आपण एकमेकींना 'जेवलीस का' विचारतो आणि ठेवून देतो. खालच्या गल्लीतल्या सुगंधाकाकू परवा गावी निघाल्यात. त्या हे पत्र तुझ्याच हातात देतील. मी कामाच्या गाळ्यात बसून लिहितेय, जेवणाच्या सुट्टीत. ब्लाउजना हुक लावून लावून बोटं आखडलीत, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

रविवारी आम्ही सगळे तिकडे येतोय, हे तुला कळलंच असेल. देवेशसाठी तुझी बोलणी करायला. माझा धाकटा दीर आणि माझी धाकटी बहीण! आई तर फोनवर रडलीच. 'दोघी बहिणी एका घरात, माझा घोर मिटला,' म्हणाली.

आधी देवेशबद्दल सांगते, म्हणजे पुढचं वाचून तू त्याला दोष देणार नाहीस. पोरगा चांगला आहे. मुलुंडला एसी दुरुस्तीच्या कामाला जातो, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. परवा मला हळूच विचारत होता, "वहिनी, श्वेताला पिक्चर बघायला आवडतं काय गं?" मी म्हटलं, "तूच विचार ना." तर कानापर्यंत लाल झाला. आणि तुलाही तो आवडतो, मला माहीत आहे. गेल्या जयंतीला तो आमच्याबरोबर गावी आला होता, तेव्हा तू त्याला तीनदा चहा विचारलास. आपल्या घरात पाहुण्याला एकदाच विचारतात.

काकूंच्या मोबाइलवर तुझा फोटो पाहिला. पाणी तपासायची पेटी समोर, हातात काचेची नळी आणि चेहरा असा, की जणू पंचायत तुझ्या बापाची! फार बरं वाटलं गं. शाळेपर्यंत येऊन थांबलेली पाइपलाइन आपल्या वस्तीत आणायची, म्हणून तू ग्रामसभेत उभी राहिलीस. सरपंच 'बघू' म्हणाले, तर 'कधी बघू?' म्हणालीस. काकूंनी हे सगळं नक्कल करून दाखवलं. वस्तीच्या विहिरीचं पाणी का बिघडलं, तर वरच्या अंगाला घाईघाईत खणलेले संडासाचे खड्डे, हेही म्हणे तूच शोधलंस. आणि आपल्या संडासातल्या गोवऱ्या बाहेर काढून तो खरोखरच वापरायला लावलास! अण्णांनी इतकी वर्षं त्याला कुलूप घालून गोवऱ्या कोरड्या ठेवल्या होत्या. सरकारने दिला संडास, अण्णांना मिळालं कोठार.

वस्तीतलं काम मार्चात सुरू व्हायचंय, आणि पाणी समितीत वस्तीची तू एकटीच. तू निघून आलीस तर पाइप शाळेपाशीच थांबेल, हे तुलाही कळतं आणि सरपंचांनाही. आई मात्र म्हणते, "लगीन झाल्यावर तिला काय करायचंय त्यात? मुंबईला दारात नळ हाय."

सुट्टी संपली. खरं सांगू, संपली ते बरंच झालं. पुढचं लिहायला हात उचलत नव्हता.

बुधवार

दारात नळ आहे, हे खोटं नाही. माझं स्थळ आलं तेव्हा मध्यस्थाने सांगितलं होतं, 'पोरीला घागर उचलावी लागणार नाही, दारात नळ आहे.' त्या एका वाक्यावर अण्णांनी मला दिली. तर तो नळ मोरीत आहे, पितळी तोटीचा. निधी त्याला दप्तर अडकवते. डोंगराचा चढ एवढा, की पाणी खालच्या गल्ल्यांपर्यंत येतं आणि तिथेच दमतं. आमच्या घरापर्यंत ते आजवर आलेलं नाही. लग्नानंतर आई व्हिडिओवर 'नळ दाखव' म्हणाली, तेव्हा मी दाखवला. तोटी फिरवून दाखवली नाही. आईने ते सगळ्या वस्तीत सांगितलं. आता मी ते कोणत्या तोंडाने खोडून काढू?

दुरून डोंगर साजरे म्हणतात, आणि आम्ही तर डोंगरावरच राहतो. पहाटे खाली सार्वजनिक नळावर नंबर लावायचा, हंडा आणि कॅन घेऊन पायऱ्या चढायच्या, ओतायचं, पुन्हा उतरायचं. वाट अशी अरुंद, की एक चढत असली की दुसरीने भिंतीला चिकटून उभं राहायचं. संडासही खालीच. अंधार पडल्यावर तिथे एकटीने जायची सोय नाही, म्हणून दुपारनंतर आम्ही बायका पाणीच पीत नाही. नवी सून आली की शेजारणी तिला प्रेमाने पहिली गोष्ट हीच शिकवतात, "चारनंतर घोट घेऊ नको हं." ज्या पाण्यासाठी कंबर मोडायची, तेच तोंडाला लावायचं नाही. मला हे आता इतकं अंगवळणी पडलंय, की माहेरी आले तरी संध्याकाळी तांब्याला हात लावत नाही. तू एकदा विचारलंही होतंस. मी म्हटलं, तहान नाही.

तू म्हणशील, एवढंच ना? पाणी तर मीही आणते. थांब, मुख्य गोष्ट अजून लिहिलेली नाही.

निधीच्या वेळी सव्वा महिना व्हायच्या आतच मी हंडा उचलला. कुणी बळजबरी केली नाही. घरात पाणी नव्हतं, एवढंच. तेव्हापासून कंबर दुखायची, खाली जड जड वाटायचं. लाजेने कुणाला बोलले नाही. गेल्या दिवाळीनंतर एक दिवस पायऱ्यांवरच बसले आणि मला उठता येईना. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पिशवी खाली सरकली आहे म्हणाल्या. लघवीला सारखी जळजळ होते, ती पाणी न प्यायल्यामुळे. 'ऑपरेशन करू, पण त्यानंतर जड उचलायचं नाही. कधीच नाही.' मी हसले. त्यांना वाटलं मला समजलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

आईला यातलं काही माहीत नाही. तू सांगू नकोस.

घरी आल्यावर तुझ्या दाजींनी दवाखान्याचा कागद वाचला आणि घडी करून ठेवून दिला. ते वाईट नाहीत गं. पण नळाला पाणी येतं तेव्हा ते टेम्पो घेऊन भाजीबाजारात असतात. देवेश म्हणाला, "वहिनी, टेन्शन नको घेऊ यार, मी भरतो ना." आणि आठवडाभर भरलंही त्याने. नळावरच्या पोरांनी 'नवीन सून आली रे' करून त्याची पार वाट लावली. तो हसण्यावारी न्यायचा, पण सासूबाईंना ते बघवेना. एका सकाळी त्यांनी त्याच्या हातातून कॅन काढून घेतला.

"माझी पण पिशवी खाली आली व्हती," म्हणाल्या. "लुगड्याची चिंधी आवळून बांधली आन् ह्या दोघांला वाढवलं. बाप्यानं हंडा उचलायची पाळी ह्या घरात आजवर आली नाय." मग थोड्या वेळाने, अगदी सहज, "घरात दुसरं बाईमाणूस आणाय पायजे."

मला त्यांचा संताप यायला हवा होता. आला आणि तिथेच विरला. त्या कंबरेवर हात दाबून बसल्या होत्या, आणि बरोबर कुठे दुखतं ते मला माहीत होतं.

तुझं नाव त्यांनीच काढलं. मी विचारलं, श्वेताच का? मला वाटलं, म्हणतील, शिकलेली आहे, समंजस आहे, तुझीच बहीण आहे. म्हणाल्या, "जयंतीला बघितलं ना म्या तिला. डोक्यावर दोन घागरी आन् काखंत एक. पोरगी ताकदीची हाय."

श्वेता, रविवारी तुला बघायला येत नाहीत गं. तुझी मान आणि कंबर गेल्या वर्षीच बघून झाली आहे. देवेशला हे ठाऊक नाही. त्या बिचाऱ्याला वाटतं, त्याच्या मनातलं ओळखून आई तयार झाली.

आणि मी गप्प का बसले, तेही ऐक. भीतीने बसले असं लिहिणार होते, पण ते अर्धंच खरं आहे. मला तू इथे हवी होतीस. तू आलीस तर माझं ऑपरेशन होईल. भांडी घासताना बोलायला कुणीतरी असेल. पोटमाळ्यावर तुम्हा दोघांचं अंथरूण कुठे घालायचं, हेसुद्धा मी मनात ठरवून टाकलं होतं. गाळ्यात हुक लावता लावता मी एकटीच हसायचे. मग एक दिवस विचार आला, काही वर्षांनी श्वेताही त्या पायऱ्यांवर बसेल, तेव्हा कुणाची बहीण आणायची? त्या दिवसापासून मला जेवण गोड लागलेलं नाही.

रविवारी काय होणार, ते मला आत्ताच दिसतंय. पोहे होतील, चहा होईल. मग अण्णा माझ्याकडे वळतील. "दीप्ती, तू त्या घरात नांदतीस. तूच सांग, द्यायची का पोरगी?" आधी दिलेल्या लेकीचा शब्द आपल्यात शेवटचा धरतात. आणि मी म्हणेन, "द्या अण्णा. माणसं चांगली आहेत, दारात नळ आहे." एका बाजूला सासूबाई असतील, दुसऱ्या बाजूला तुझे दाजी, मांडीवर निधी, आणि त्याच रात्रीच्या गाडीने मला त्यांच्याबरोबर परत यायचं असेल. खोलीत कुणी नसताना मी 'देऊ नका' असं मोठ्याने म्हणून पाहिलं. आवाज फुटला नाही. भरल्या घरात काय फुटणार?

म्हणून नाही तू म्हणायचंस. माझं आजारपण, पायऱ्या, तोटी, काही काढू नकोस. 'वस्तीत पाणी येईपर्यंत मला लग्न करायचं नाही,' एवढंच म्हण. हसतील, हसू दे. देवेशला खरंच तू हवी असशील तर तो थांबेल, आणि थांबला तर त्याला एकदा विचार, 'आपल्या घरचं पाणी कोण भरणार?' मला ते विचारता आलं नाही.

तू नाही म्हणालीस की मी सगळ्यांदेखत तुझ्यावर तुटून पडेन. 'एवढी शहाणी झालीस का? माझं घर तुला कमी वाटलं का?' असं म्हणेन, आणि सासूबाईंना खरं वाटावं इतक्या जोरात म्हणेन. त्यातलं अर्धं मला म्हणताना खरंच वाटेल. मी रडेनही, आणि ते रडणं खोटं नसेल, कारण तुझ्या नाहीबरोबर माझं ऑपरेशनही गेलेलं असेल. त्या वेळी माझ्याकडे बघू नकोस. खाली बघ, आईकडे बघ, कुठेही बघ. माझ्या डोळ्यांत बघितलंस तर तू हो म्हणशील. लहानपणापासून तुला ओळखते मी.

माझं पुढे काय, ते विचारू नकोस. मलाच माहीत नाही.

गाळ्याचा मालक हाक मारतोय. आई-अण्णांना नमस्कार सांगू नकोस, पत्र आलंय हे त्यांना कळायला नको.

रविवारी तुझ्यावर ओरडणारी, आणि तू माझं ऐकू नयेस म्हणून जीव मुठीत धरून बसलेली,

तुझी ताई,
दीप्ती